तलवारीइतकीच पदवीही : किनाऱ्यावरील मुलांसाठी लष्करी शिक्षणाचा मार्ग

(अलिबाग येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



अलिबागेत उभे राहून आरमाराविषयी बोलू लागणाऱ्या वक्त्याला प्रस्तावना करावी लागत नाही. समोर कुलाबा किल्ला आहे आणि गावात सरखेल कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. १७२९ साली कान्होजी निवर्तले; परंतु स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला १९५१ साली त्यांचे नाव दिले आणि ते नाव आजही तेथे आहे. या वारशाचा अभिमान आपणां सर्वांना आहे व तो असावाच. मात्र ज्या किनाऱ्याने एके काळी आरमाराला सरदार आणि तांडेल दिले, त्या किनाऱ्यावरील शाळांतून आज नौदलाला किती अधिकारी मिळतात, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो तेव्हा अभिमानाची जागा काळजी घेते.

आपल्या मुलांत धाडसाची किंवा ताकदीची उणीव आहे, असे मला वाटत नाही. उणीव आहे ती माहितीची. लष्करातील अधिकारी होण्याचा मार्ग एका पदवीतून जातो आणि त्या पदवीची तयारी आठवीच्या वर्गातच सुरू व्हावी लागते, ही साधी गोष्ट आपण मुलांना वेळेवर सांगत नाही. आज तेवढीच गोष्ट मी आपल्यापुढे मांडणार आहे.

एक जुना अनुभव

प्रारंभी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात रेवदंड्याच्या बाजूचा एक मुलगा होता. वडिलांची होडी होती आणि मुलगा पाण्यात माशासारखा पोहत असे. आपण नौदलात अधिकारी व्हावे, ही त्याची इच्छा त्याने मला सातवीत असतानाच सांगितली होती. दहावी झाल्यावर तो सल्ला विचारण्यास आला. गणितात तो मध्यम होता. मी त्याला म्हणालो, "बाळ, फौजेत शरीर पाहतात. कला शाखा घे, अभ्यासाचा ताण कमी राहील, सकाळ-संध्याकाळ मैदानावर जा." त्याने माझे ऐकले.

बारावीत अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा नियम वाचण्यात आले. नौदल व हवाई दल यांच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय असणे आवश्यक होते. कला शाखेच्या विद्यार्थ्याला भूदलाचे दार उघडे होते; पण प्रवेश परीक्षेतील गणिताची प्रश्नपत्रिका सर्वांना सारखीच होती. त्याने दोन वेळा प्रयत्न केला. पुढे वयाची मर्यादा उलटली. आज तो वडिलांची होडी चालवतो, कष्टाने व सचोटीने संसार करतो आणि भेटला की आदराने नमस्कार करतो. त्याने कधी मला दोष दिला नाही. म्हणूनच ती गोष्ट माझ्या मनाला अधिक लागून राहिली आहे.

पदवी कशाची, कोणाची?

आपल्या राज्यात, पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयाकाठी, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. १९४९ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसवण्यात आली आणि जानेवारी १९५५ मध्ये तिचे रीतसर उद्घाटन झाले. भूदल, नौदल व हवाई दल या तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांना एकाच छत्राखाली वाढवावे, ही तिच्यामागील कल्पना. 'सेवा परमो धर्मः' हे तिचे ब्रीद.

प्रबोधिनी म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे संचलन, घोडेस्वारी व पोहणे उभे राहते. हे सर्व तेथे आहेच. परंतु प्रबोधिनी हे एक महाविद्यालयही आहे, हे आपण विसरतो. तेथे प्राचार्य आहेत, प्राध्यापक आहेत, प्रयोगशाळा व ग्रंथालय आहे. तीन वर्षांच्या सहा सत्रांनंतर छात्राला नवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. १९७० नंतरच्या दशकापासून ही व्यवस्था चालत आलेली आहे. दीक्षान्त संचलनाची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. त्या संचलनाआधी पदवीदानाचा समारंभ होतो, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

या पदवीसाठी काय शिकावे लागते? मुख्यतः विज्ञान आणि मानव्यविद्या असे दोन प्रवाह आहेत. विज्ञानात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व संगणकशास्त्र, तर मानव्यविद्येत इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल व भाषा. अलीकडच्या वर्षांत नौदल व हवाई दलाच्या छात्रांसाठी अभियांत्रिकीच्या पदवीचा मार्गही सुरू झाला आहे. त्यांची तीन वर्षे खडकवासल्यास होतात. चौथे वर्ष नौदलाच्या छात्रांना केरळातील एळिमला येथे, तर हवाई दलाच्या छात्रांना हैदराबादजवळील दुंडिगल येथे पूर्ण करावे लागते.

येथे शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. पहिल्या चार सत्रांत विज्ञानाच्या छात्रालाही इतिहास, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांची तोंडओळख करून घ्यावी लागते आणि मानव्यविद्येच्या छात्राचीही भौतिकशास्त्र व गणित यांतून सुटका नसते. इंग्रजी सर्वांना आवश्यक. अरबी, चिनी, फ्रेंच किंवा रशियन यांपैकी एका परकीय भाषेचे प्राथमिक शिक्षणही घ्यावे लागते. याशिवाय लष्करी इतिहास, लष्करी भूगोल, शस्त्रास्त्रे, मानवी हक्क, युद्धविषयक कायदे व पर्यावरण हे विषय असतात. पाचव्या व सहाव्या सत्रांत निवडलेल्या विषयांचा सखोल अभ्यास होतो. एखाद्या सत्रात छात्र मागे पडला, तर त्याला ते सत्र पुन्हा करावे लागते. पहाटे धावून आलेला छात्र थोड्याच वेळात वर्गात बसतो आणि तेथे त्याच्या थकव्याला सवलत नसते.

भाषा हाही एक स्तंभ

लष्करी पदवीच्या अटींत भाषेला किती महत्त्व असू शकते, याचे एक उदाहरण परदेशातील आहे. कॅनडा हा इंग्रजी व फ्रेंच या दोन राजभाषांचा देश. तेथील किंग्स्टन गावातील राजकीय लष्करी महाविद्यालय १८७६ साली सुरू झाले व १९५९ साली त्याला स्वतः पदवी देण्याचा अधिकार मिळाला. या महाविद्यालयाचे शिक्षण चार स्तंभांवर उभे आहे : विद्याभ्यास, लष्करी प्रशिक्षण, शारीरिक क्षमता आणि दोन्ही राजभाषांचे ज्ञान. इंग्रजी बोलणाऱ्याने फ्रेंच शिकावी, फ्रेंच बोलणाऱ्याने इंग्रजी शिकावी. कारण उघड आहे. ज्या अधिकाऱ्याला आपल्या हाताखालील सैनिकाची भाषा कळत नाही, तो आज्ञा देऊ शकेल, पण विश्वास मिळवू शकणार नाही. शिवाय तेथेही साहित्याच्या विद्यार्थ्याला गणित व विज्ञान, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला इतिहास शिकावा लागतो. म्हणजे दूरच्या दोन देशांनी आपापल्या अनुभवातून जवळजवळ एकच निष्कर्ष काढला आहे.

हा निष्कर्ष आपल्या किनाऱ्याला नवा नाही. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज या दोन सत्तांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली. किल्ला पडला नाही. बाजीराव पेशवे मदतीस आले आणि १७२२ च्या जानेवारीत येथून हाकेच्या अंतरावरील वरसोलीस पोर्तुगीजांशी स्वतंत्र तह होऊन शत्रूंची जोडी फुटली. तोफांनी किल्ला राखला. परंतु दोन शत्रूंना वेगळे करण्याचे काम वाटाघाटींनी केले. समोरच्याची भाषा, त्याचे हेतू आणि त्याची अडचण जाणणारी माणसे आपल्या बाजूस होती, म्हणून ते साधले. परकीय भाषा व राज्यशास्त्र हे विषय लष्करी पदवीत कशासाठी, असे कोणी विचारले, तर वरसोलीकडे बोट दाखवावे.

आपल्या मुलापुढील भाषांचा जिना

आता आपल्या मुलाकडे पाहू. तो घरी आगरी किंवा कोळी बोली बोलतो. शाळेत प्रमाण मराठी शिकतो. प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. इंग्रजीच्या प्रश्नांखेरीज तिची प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजी अशा दोन भाषांत छापलेली असते. मराठी तेथे नाही. प्रवेश मिळाल्यावर शिक्षणाचा व्यवहार मुख्यतः इंग्रजीतून चालतो. म्हणजे या मुलाला चार पायऱ्यांचा जिना चढावयाचा असतो आणि आपण त्याला बहुधा दुसऱ्या पायरीवर सोडून देतो.

हिंदी आपल्याच लिपीत असल्यामुळे ती आपोआप येते, असा एक समज आहे. तो परीक्षेत महाग पडतो. मराठी शाळेतील 'मूळ संख्या' हिंदी प्रश्नपत्रिकेत 'अभाज्य संख्या' होते. आपली 'सरासरी' तेथे 'औसत', आपला 'अपूर्णांक' तेथे 'भिन्न', आपली 'भूमिती' तेथे 'ज्यामिति', आपली 'संभाव्यता' तेथे 'प्रायिकता'. गणित येत असूनही शब्दाने अडलेला मुलगा मी पाहिला आहे. अशा वेळी तो अंदाजाने खूण करतो आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात.

यावर उपाय सोपा व बिनखर्चाचा आहे. गणित व विज्ञान शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आठवीपासून विद्यार्थ्यांना तीन रकान्यांची एक वही घालून द्यावी. पहिल्या रकान्यात मराठी पारिभाषिक शब्द, दुसऱ्यात हिंदी, तिसऱ्यात इंग्रजी शब्द देवनागरीत व रोमी लिपीत. दररोज दोन शब्द लिहिले तरी दहावीपर्यंत पुरेसा संग्रह होतो. मातृभाषेतून संकल्पना पक्की झाली असेल, तर तिला दुसऱ्या भाषेतील नाव देण्यास वेळ लागत नाही. संकल्पनाच कच्ची असेल, तर इंग्रजी शाळेचा गणवेशही मुलाला वाचवीत नाही.

परीक्षेचे गणित

लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणीला ६००. प्रत्येकीस अडीच तास. सामान्य क्षमता चाचणीतील २०० गुण इंग्रजीचे आणि ४०० गुण सामान्य ज्ञानाचे. हे सामान्य ज्ञान म्हणजे काय? १०० गुण भौतिकशास्त्र, ६० रसायनशास्त्र, ४० सामान्य विज्ञान, ८० इतिहास व स्वातंत्र्यलढा, ८० भूगोल आणि ४० चालू घडामोडी. लेखी परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांची पुढे सेवा निवड मंडळासमोर सुमारे पाच दिवस कसोटी होते. तिलाही ९०० गुण आहेत. त्यानंतर वैद्यकीय तपासणी.

ही विभागणी नीट पाहिली, तर दिसून येईल की, यांतील बहुतेक विषय आपण शाळेत शिकवीतच असतो. जो शिक्षक आठवीचा भूगोल मन लावून शिकवतो, तो नकळत एका अधिकाऱ्याची तयारी करून घेत असतो. भौतिकशास्त्राचीही तीच गोष्ट. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली आपल्या अलिबागेत आणण्यात आली. विजेच्या प्रवाहामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडतात, हे त्याचे कारण. होकायंत्राची सुई ज्या बळाने वळते, त्या बळाची मोजणी शंभराहून अधिक वर्षे आपल्या गावात चालू आहे. या एका उदाहरणाने भौतिकशास्त्राचा धडा आणि समुद्रावरील वाट यांचा संबंध मुलाला जेवढा कळेल, तेवढा पाठांतराने कळणार नाही.

वयाची अट कडक आहे. अभ्यासक्रम सुरू होताना उमेदवार साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांचा असावा लागतो. म्हणजे त्याच्या हाती दोन-तीन वर्षेच असतात. ज्याने दहावीनंतर विषय चुकीचे निवडले, त्याला मागे येऊन पुन्हा सुरुवात करण्यास अवधी उरत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले.

दारे कोठे आहेत?

पालकांना दोन शंका असतात. पहिली खर्चाची. प्रबोधिनीतील निवास, भोजन, गणवेश, पुस्तके व वैद्यकीय उपचार यांचा खर्च शासन सोसते. पालकांवर किरकोळ खाजगी खर्चाचाच भार पडतो. परीक्षेचे शुल्क १०० रुपये असून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व मुली यांना ते माफ आहे. गरिबीमुळे हा मार्ग बंद आहे, असे कोणत्याही घरात कोणी म्हणत असेल, तर ग्रामपंचायत सदस्याने त्या घरी जाऊन हे सांगावे.

दुसरी शंका : "आमच्या मुलीचे काय?" २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलींना या परीक्षेस बसण्याची मुभा मिळाली. २०२२ साली मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यास दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींनी त्याच पदवीसह, त्याच मैदानावरून दीक्षान्त संचलन केले. तेव्हा या विषयावर बोलताना 'मुलगा' या शब्दापाशी थांबण्याचे आता कारण नाही.

प्रबोधिनीपर्यंत पोहोचण्याच्या वाटाही राज्यात आहेत. सातारा येथील सैनिक शाळा १९६१ साली सुरू झाली. देशातील ही पहिली सैनिक शाळा. चंद्रपूर येथेही सैनिक शाळा आहे. या शाळांत सहावीत व नववीत प्रवेश मिळतो. सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते. नववीची मात्र केवळ इंग्रजीतून असते. तीन वर्षांत दार किती अरुंद होते, ते पाहावे. पाचवीत माहिती मिळालेला मराठी शाळेतील मुलगा आपल्या भाषेत उत्तर लिहू शकतो. आठवीत माहिती मिळालेल्याला ती सोय नाही. दहावीनंतरच्या मुलांसाठी राज्य शासनाने १९७७ साली औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. तेथे अकरावी-बारावीच्या काळात प्रबोधिनीची पूर्वतयारी करून घेतली जाते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिक येथे २०२३ साली सुरू झाली.

महाराष्ट्रातील मुलांना ही वाट परकी नाही. प्रबोधिनीत शिकलेले जनरल मनोज नरवणे हे पुण्याचे. २०१९ ते २०२२ या काळात ते भूदलाचे प्रमुख होते. २०२१ ते २०२४ या काळातील हवाई दलाचे प्रमुख विवेक राम चौधरी हे मूळचे नांदेड जिल्ह्यातील, आणि तेही प्रबोधिनीचेच माजी छात्र. रायगडाच्या किनाऱ्यावरून अशी वाट काढणे अशक्य आहे, असे मानण्यास कोणतेही कारण नाही.

आपण काय करावे?

माझ्या सूचना थोड्या आहेत. शिक्षकांनी पाचवी, आठवी व दहावी या तीन टप्प्यांवर वर्गात ही माहिती स्पष्ट शब्दांत सांगावी आणि पारिभाषिक शब्दांची वही सुरू करावी. ज्या मुलामुलींना नौदल किंवा हवाई दल हवे, त्यांना दहावीतच बजावावे की भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित सोडता येणार नाही. ग्रामपंचायतींनी आपल्या वाचनालयात आदल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, एक इंग्रजी दैनिक व एक चांगला नकाशासंग्रह ठेवावा. परीक्षांच्या अर्जांच्या तारखा सूचना फलकावर लावाव्यात आणि ग्रामसभेत एकदा वाचून दाखवाव्यात. गावातील निवृत्त सैनिक व नाविक यांना शाळेत बोलवावे. ते पदवीचे शिक्षण देऊ शकणार नाहीत. पण वर्दीमागील शिस्त काय असते, ते त्यांच्याइतके कोण सांगणार? अधिकाऱ्यांनी शाळाभेटीच्या वेळी मैदानाबरोबर प्रयोगशाळेचे कुलूपही उघडून पाहावे.

आणि शेवटी एक गोष्ट. प्रयत्न करणारे सर्वच प्रबोधिनीत जाणार नाहीत. फार थोडे जातील. परंतु ज्या मुलाने गणित पक्के केले, तीन भाषा वाचल्या, आपल्या देशाचा इतिहास व भूगोल समजून घेतला आणि रोज सकाळी किनाऱ्यावर धाव घेतली, त्याचा कोणताच दिवस वाया जात नाही. तो शिक्षक होईल, अभियंता होईल, नाहीतर वडिलांची होडी अधिक शहाणपणाने चालवील.

उद्या एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्याकडे येऊन म्हणेल, "सर, मला नौदलात जायचे आहे." त्या वेळी मी दिले तसे उत्तर आपण देऊ नये. तिला आधी विचारावे, "गणिताची वही दाखव पाहू," आणि ती वही घेऊन तिच्या शेजारी बसावे. कान्होजींच्या गावात राहणाऱ्या आपणां सर्वांकडून एवढी अपेक्षा ठेवणे वाजवी आहे, असे मला वाटते.